सहज निघालो होतो

रजेच्या अर्जात ‘रजेचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात मी ‘सहज’ असं लिहिलं आणि अर्ज परत आला.

अर्ज घेऊन आलेला आस्थापना शाखेतला मुलगा बिचारा अवघडून उभा होता. म्हणाला, ‘सर, इथं कारण लिहायचंय.’

‘लिहिलंय की.’

‘हे कारण नाही ना, सर. नैमित्तिक रजा आहे. निमित्त लागतं.’

मुद्दा बिनतोड होता. मी ‘सहज’ खोडून ‘घरगुती काम’ लिहिलं. त्याचा चेहरा उजळला, रजा मंजूर झाली. वर्षाच्या आठ रजांपैकी तीन लग्नांत गेल्या होत्या, एक बारशात, दोन दाताच्या डॉक्टरनं खाल्ल्या होत्या आणि एक गॅसच्या केवायसीनं. ही शेवटची उरलेली ३१ डिसेंबरला आपोआप मेली असती. ती मात्र कुणाला द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. गुरुवारी सकाळी घरातून निघायचं, एकट्यानं, पायी, सारसबागेपर्यंत जायचं, हिरवळीवर बसायचं आणि परत यायचं. आम्ही शनिवारवाड्याच्या मागे राहतो. तिथून सारसबाग जेमतेम अडीच किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी माणसाला कारण लागू नये, अशी माझी भाबडी समजूत होती.

बुधवारी रात्री जेवताना बेत जाहीर केला.

‘कोण कोण जाणार?’ बायकोनं विचारलं.

‘मी.’

‘आणि तिथं कोण येणारे?’

‘कुणी नाही.’

‘मग काय आहे तिथं?’

‘बाग.’

बायकोनं टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या घरात टीव्हीचा आवाज दोनच वेळा कमी होतो. कुणी गेल्याचा फोन आला की आणि माझं काही बिनसलंय अशी शंका आली की. मुलानं ताटावरून मान वर करून विचारलं, ‘बाबा, ऑफिसमध्ये सगळं ठीक आहे ना?’ बायको म्हणाली, ‘अहो, कसले रिपोर्ट आलेत का?’ मी म्हणालो, ‘कसले रिपोर्ट?’ ती म्हणाली, ‘तेच विचारतेय, कसले?’

मी सहज जातोय, असं तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी तो शब्द जास्तच संशयास्पद वाटत गेला. तिसऱ्यांदा तर मलाच वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

सकाळी चप्पल घालत होतो तेव्हा बायको हातात कापडी पिशवी आणि कुकरची जुनी रिंग घेऊन उभी. ‘जाताच आहात तर तुळशीबागेतून एवढी रिंग आणा. हीच दाखवा, मापाला.’ तिच्या आवाजात रात्रीची काळजी अजिबात नव्हती. माझ्या जाण्याला आता एक रिंगेएवढं कारण मिळालं होतं. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. पिशवी बघून त्यांनी विचारलं, ‘बाजाराला?’ मी ‘हो’ म्हणालो. तेवढ्यात ‘जाताच आहात तर’ नातीच्या पाचवीच्या गणिताची स्वाध्यायपुस्तिका अप्पा बळवंत चौकातून आणायचं काम पिशवीत पडलं. रिकामी पिशवी घेऊन निघालेला माणूस म्हणजे पोस्टाची पेटी. येणारा जाणारा त्यात काहीतरी टाकून जातो.

पुण्यात पायी फिरण्यात एक गंमत आहे. अर्ध्या तासात निम्मा आठवडा पालथा घालता येतो. त्या दिवशी वार गुरुवार होता. मी शनिवारातून निघालो, बुधवारच्या कडेकडेनं गेलो, शुक्रवारात शिरलो आणि सदाशिवातून बाहेर पडणार होतो. वाटेत लागली नाही ती फक्त गुरुवार पेठ.

शनिवारवाड्यासमोर क्षणभर थांबलो. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरला तो तट आणि टोकदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा. याच दरवाजातून पेशवे पर्वतीला निघत असतील. हत्ती, पालख्या, चोपदार, मागे पुढे घोडेस्वार. त्यांना कुणी ‘एकटेच?’ असं विचारल्याचं कुठल्या बखरीत नसणार. दोनशे माणसं बरोबर घेऊन बागेत जाणं या शहराला कळतं. एका माणसानं जाणं कळत नाही.

बाजीराव रस्ता एकेरी आहे. शनिवारवाड्याकडून सारसबागेकडे चालत निघालं की सगळी वाहनं समोरून येतात. त्यामुळे माणूस बेसावध असतो, आणि मागून उलट्या दिशेनं येणारी स्कूटर थेट त्याच्या कोपरापाशी येऊन थांबते. या स्कूटरवर माझे एक जुने सहकारी होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हेल्मेट आरशालाच अडकवलेलं.

‘बसा, सोडतो.’

‘नको, चालत चाललोय.’

‘का? डॉक्टरांनी सांगितलंय?’

‘नाही हो.’

‘गुडघे?’

‘नाही.’

‘शुगर?’

समोरून येणारी बस आमच्यामुळे अडली होती. तिच्यामागे दोन रिक्षा, त्यांच्यामागे एक टेम्पो. सगळे हॉर्न वाजवत होते. सहकाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणाले, ‘चालणं उत्तमच. पण असं रस्त्यावरनं नाही चालायचं, धूर जातो छातीत. बागेत चालावं.’

‘बागेतच चाललोय. सारसबागेत.’

‘मग बागेपर्यंत गाडीनं जायचं आणि तिथं चालायचं ना!’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि बस ड्रायव्हर आता अर्धा खिडकीबाहेर आला होता. मी खाली मान घालून म्हणालो, ‘शुगर आहे थोडी.’ त्यांनी माझा दंड दाबला, कडू कारल्याच्या रसाची एक कृती सांगितली आणि समाधानानं उलट्या दिशेला निघून गेले. घरापासून तीनशे पावलं चालल्यावर मला मधुमेह झाला होता.

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानासमोर तीन रांगा उभ्या होत्या. त्यांतली एकही सरळ नव्हती. अप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या नावाचा हा चौक म्हणजे महाराष्ट्रातल्या पालकांचा कुंभमेळा. काउंटरवरचा माणूस न बघता म्हणाला, ‘बोला.’ मी बोललो. ‘मीडियम?’ काकूंना फोन केला. ‘सेमी,’ काकू म्हणाल्या. ‘पहिलं सत्र की दुसरं?’ काकूंना फोन केला. काकूंनी सुनेला फोन केला. सून मीटिंगमध्ये होती. शेवटी दोन्ही सत्रांची घेतली. पिशवीत पहिल्यांदा वजन आलं.

या रस्त्यानं जाताना एक गोष्ट लक्षात आली. सारसबागेला पोचायचं तर आधी बऱ्याच बागा ओलांडाव्या लागतात आणि त्यांतल्या एकीतही बाग नाही. शनिवारातली रमणबाग म्हणजे शाळा. बेलबाग म्हणजे नाना फडणवीसांनी बांधलेलं विष्णूचं देऊळ. विश्रामबाग म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, १८०७ सालचा. सुरूच्या झाडासारखे कोरलेले त्याचे लाकडी खांब अजून रस्त्याकडे तोंड करून उभे आहेत. झाडांपैकी शिल्लक तेवढेच. विश्राम तर कुठंच नाही, कारण समोर बसथांबा आहे. आणि तुळशीबाग! तिथं एके काळी खरंच तुळशी होत्या. मग अठराव्या शतकात नारो आप्पाजींनी रामाचं देऊळ उभं केलं आणि देवळाभोवती बाजार वाढला. आता बांगड्या, पातेली, टिकल्या, गौरीचे मुखवटे, किसण्या आणि इंचाइंचानं पुढे सरकणाऱ्या बायका. रामही आत आहे. तुळस मात्र आता प्लॅस्टिकच्या वृंदावनात मिळते, तीन आकारांत.

तुळशीबागेतल्या गर्दीत मी एकटाच पुरुष होतो. म्हणजे आणखीही होते, पण ते सगळे कडेला भिंतीला टेकून दुसऱ्या कुणाच्या तरी पिशव्या सांभाळत होते. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. दुकानदारानं जुनी रिंग दोन बोटांत धरून ताणली, नाकाजवळ नेली, परत ताणली. नाडी बघावी तसं चाललं होतं. मग मागच्या खिळ्यावरच्या शंभर काळ्या रिंगांमधून एक काढली. ‘पाच लिटर. बाहेरच्या झाकणाची.’ त्याला कसं कळलं देव जाणे. ‘शिट्टी नको का? रिंग गेली म्हणजे शिट्टी जाणारच.’ मी म्हणालो, शिट्टी व्यवस्थित वाजते. तो म्हणाला, ‘आत्ता वाजते.’ एवढ्या साध्या वाक्यात एवढी धमकी मी पहिल्यांदा ऐकली. शिट्टीही घेतली. नवी रिंग पिशवीत दुमडायला नको म्हणून मनगटात घातली. त्यानंतर वाटेत दोघांनी मला नमस्कार केला. त्यांना तो कुठल्या तरी संप्रदायाचा गंडा वाटला असावा.

शनिपाराशी आलो आणि फोन वाजला. ‘कुठे आहात?’

‘शनिपाराला.’

‘म्हणजे मंडईच्या दारातच आहात की. मटार आणा दोन किलो. आत्ताच स्वस्त असतात.’

‘अगं, मी बागेत चाललोय.’

‘हो, मग येताना थोडेच चांगले मिळणारेत? निवडून गेलेले असतात तोपर्यंत.’

मंडईची दगडी इमारत १८८६ सालची. आठ बाजू, वर उंच मनोरा. आधी ती रे मार्केट होती, मुंबई इलाख्याचा गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाची. आता महात्मा फुले मंडई. गंमत अशी, की नगरपालिकेत बसून या इमारतीच्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत फुले होते. विरोध हरला, इमारत झाली आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. पुण्यात वाद घालणाऱ्याचं नाव राहतं ते असं.

डिसेंबरातली मंडई हिरव्याचे सगळे प्रकार एकदम दाखवते. पावटा, घेवडा, हरभऱ्याचे गड्डे, आणि मटाराचे तर डोंगर. भाजीवालीनं एक शेंग उचलली, अंगठ्यानं शिवण फोडली आणि दाणे माझ्या तळहातावर ओतले. ‘खाऊन बघा, दादा. साखर आहे साखर.’ मला नुकताच मधुमेह झाला होता, तरी खाल्ले. गोड होते. ‘दोन किलो द्या.’ तिनं माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. ‘दोन किलो? सोलायला माणूस आहे का घरात?’ मी ‘आहे’ म्हणालो. कोण ते मलाही माहीत नव्हतं.

टिळक रस्ता ओलांडून सारसबागेच्या फाटकात शिरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. अडीच किलोमीटरला पावणेतीन तास. हत्ती लवकर पोचत असावेत.

नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करून घेतलं आणि मधे बेट ठेवलं. ती सारसबाग. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, त्या बेटावर गणपती बसला. म्हणून त्याचं नाव तळ्यातला गणपती. दर्शनाला जायचं तर नाव लागे. आता तळं गेलंय, त्याची हिरवळ झालीय. देवळाभोवती कमळांचं पाणी तेवढं राहिलंय. सारस कुठेच नाही, पण बाग आहे. बाकीच्या सगळ्या बागांकडे बघता हे थोडं नाही.

पलीकडे पेशवे पार्क. १९५३ साली तिथं प्राणिसंग्रहालय झालं. १९५६ पासून फुलराणी नावाची छोटी आगगाडी त्यात गोल गोल फिरू लागली. आमची पिढी पहिला वाघ तिथंच बघून घाबरली. २००५ पर्यंत सगळे प्राणी कात्रजला गेले. फुलराणी राहिली. तिची शिट्टी हिरवळीपर्यंत ऐकू येते. माझ्या पिशवीतल्या शिट्टीपेक्षा ती बरी वाजते, असं मला उगाच वाटून गेलं.

गणपतीचं दर्शन घेतलं. थंडी सुरू झाली की या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. पांढऱ्याशुभ्र मूर्तीवर लोकरीची टोपी, गळ्यापर्यंत स्वेटर, आणि चेहऱ्यावर आईनं जबरदस्तीनं कपडे चढवलेल्या मुलाची समजूतदार शांतता. मी हात जोडले. मनात म्हटलं, इथं देवालाही कुणी एकटं सोडत नाही.

आणि मग हिरवळीवर बसलो. ज्यासाठी आलो होतो ते हेच. पिशवी बाजूला ठेवली. पाय लांब केले. पर्वतीकडे पाहिलं. आता काही करायचं नव्हतं.

पहिली पाच मिनिटं फार छान गेली. मग लक्षात आलं, माझ्या डावीकडे बसलेलं तरुण जोडपं उठून लांब जाऊन बसलंय. उजवीकडच्या आईनं चेंडूमागे धावत आलेल्या पोराला दंडाला धरून परत नेलं. सुरक्षारक्षक एकदा समोरून गेला, थोड्या वेळानं मागून गेला. बाकड्यावर तीन ज्येष्ठ नागरिक बसले होते. त्यांतले एक उठून आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘कुणाची वाट बघताय?’

‘नाही.’

‘मुलगी बघायचा कार्यक्रम आहे का इथं? हल्ली बागेत करतात.’

‘नाही हो. सहज बसलोय.’

ते परत गेले. बाकड्यावर कुजबूज झाली. तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मान हलवली. निदान झालं होतं. फक्त ते मला कळवायचं नाही असं ठरलं होतं.

हिरवळीवर काहीही न करता बसलेला चोपन्न वर्षांचा माणूस म्हणजे चौकात बेवारस ठेवलेली बॅग. कुणी हात लावत नाही, कुणाची नजर हटत नाही. मोबाइल काढला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. मोबाइलमध्ये बघणारा माणूस कामात धरतात. पण बागेत तो काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. हाताला काहीतरी हवं म्हणून पिशवीत हात घातला. हाताला मटार लागले.

मी सोलायला सुरुवात केली.

पहिली शेंग फुटली आणि बागेत जणू हवामान बदललं. ज्येष्ठांच्या बाकड्यावर सुटकेची हालचाल झाली. चेंडूवालं पोर परत माझ्या दिशेनं सुटलं आणि या वेळी त्याला कुणी अडवलं नाही. दहाव्या शेंगेला एक आजी शेजारी येऊन बसल्या. परवानगी न मागता त्यांनी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. ‘असं नाही हो. तुम्ही टोकाकडून ओरबाडताय. शिवणीवर अंगठा ठेवायचा, दाबायचं, आणि सरळ खाली न्यायचं.’ त्यांचा अंगठा शेंगेच्या पोटातून झर्रकन गेला आणि सात दाणे पिशवीत टपटपले. माझ्या शेंगेतून चार पिशवीत आणि तीन गवतात जात होते. गवतातले ते पोर उचलून खात होतं.

थोड्या वेळानं तिघेही ज्येष्ठ आले. एकाला अळी ओळखण्याची खास दृष्टी होती. ते शेंग न फोडता उन्हाकडे धरत आणि ‘ही नको’ म्हणून बाजूला टाकत. दुसऱ्यांना मटार आणि वाटाणा यांत फरक आहे की नाही यावर वाद हवा होता, तो झाला. तासाभरात मला आजींच्या दोन्ही सुनांचे स्वभाव कळले. एका आजोबांचा मुलगा कॅनडात असून त्याला बर्फ काढावा लागतो हे कळलं. माझ्या नसलेल्या शुगरवर मेथीदाण्याचा उपायही कळला. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. मटार सोलणाऱ्या माणसाला काय विचारायचं? तो मटार सोलतोय.

सुरक्षारक्षक तिसऱ्यांदा आला. ‘काका, इथं हे चालत नाही.’

‘काय?’

त्यानं नियमांच्या फलकाकडे पाहिलं. फुलं तोडण्याबद्दल तिथं लिहिलं होतं, कचऱ्याबद्दल होतं. मटाराबद्दल काही नव्हतं. टरफलं आम्ही एका पिशवीत भरत होतो. तो जरा वेळ उभा राहिला, मग खाली वाकून एक शेंग उचलली, शिवणीवर अंगठा ठेवला आणि सरळ खाली नेला. आजी म्हणाल्या, ‘बघा, याला येतं.’

दोन किलोंचे किलोभरापेक्षा कमीच दाणे भरले. त्यात पोराचा वाटा लक्षात घेतला पाहिजे. टरफलं आजी घेऊन गेल्या. त्यांच्या गल्लीत कुणाकडे तरी शेळी होती.

बाहेर खाऊच्या गाड्यांपाशी पाचसहा हात एकदम हलले, ‘या साहेब, इकडे बसा!’ एका पोऱ्यानं खुर्ची ओढत विचारलं, ‘किती माणसं?’ मी म्हणालो, ‘एक.’ त्यानं माझ्या पाठीमागे नीट बघून घेतलं. मग ‘बाकीचे येतायत ना?’ म्हणत चार ग्लास पाणी ठेवलं. मी भेळ खाल्ली आणि त्याचं मन मोडू नये म्हणून दोन ग्लास पाणी प्यायलो.

घरी रिक्षानं आलो. बायकोनं पिशवी ओतली. रिंग पास झाली. शिट्टीवर ‘ही कुणी सांगितली होती?’ एवढंच विचारलं. मग तिचा हात सोललेल्या मटारांना लागला.

‘हे कुणी सोलले?’

‘आम्ही.’

‘आम्ही म्हणजे?’ तिनं माझ्याकडे बघितलं. ‘तुम्ही एकटेच गेला होतात ना?’

मग आजी, अळीवाले आजोबा, शेळी, सुरक्षारक्षक असं सगळं क्रमानं सांगितलं. ती ऐकत राहिली. मधे मधे हसली. संध्याकाळी त्याच मटारांची उसळ झाली. उसळीला नवी शिट्टी व्यवस्थित वाजली.

रात्री जेवताना बायको म्हणाली, ‘पुढच्या गुरुवारी मी जाणार आहे बाहेर. दिवसभर.’

‘कुणाबरोबर?’

‘कुणाबरोबर नाही. एकटी. चालत.’

‘कुठे?’

‘ठरवलं नाही अजून. सहज.’

मुलानं ताटावरून मान वर केली. मी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज कमी केला.